मुलं किती, असं विचारल्यावर

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत भूगोल शिकवतो. गाव भोकरदन तालुक्यातलं, धावड्याच्या अलीकडचं. आठवीच्या वर्गाला लोकसंख्येचा धडा शिकवताना मी स्वतःवर खूश असायचो. जगाचा नकाशा फळ्यावर टांगायचा, हातात लाकडी पट्टी घ्यायची आणि गोष्ट सांगावी तसं सांगायचं. हे जपान, इथं जन्मणाऱ्यांपेक्षा मरणारे जास्त, खेड्यापाड्यांतल्या शाळांना कुलपं लागली. हा युरोप, इथं म्हातारी माणसं वाढली, पाळणे कमी झाले. चीन इतकी वर्षं सगळ्यांत मोठा, तोही आता आटायला लागलाय. आणि इथं, सहाराच्या वाळवंटाखाली, आफ्रिकेतल्या कितीतरी देशांत निम्मी माणसं अजून मिसरूड फुटायच्या वयाची.

त्या वर्षी वर्गात एक मुलगी होती. गाद्या-रजया भरणाऱ्या कारागिराची लेक. पहिल्या बाकावर बसायची आणि हात वर न करताच प्रश्न विचारायची.

"सर, जपानमधल्या शाळा बंद पडल्यावर तिथल्या सरांचं समायोजन कुठं करतात?"

वर्ग हसला. मीही हसलो, पण थोडं उशिरा. आमच्या शाळेतही पहिलीचा पट दरवर्षी घटत होता. उन्हाळ्यात आम्ही शिक्षक दारोदार फिरून 'तुमचं लेकरू आमच्या शाळेत घाला' म्हणून विनवायचो. काही पोरं पिवळ्या बसमध्ये बसून इंग्रजी शाळेत जात होती हे खरं. पण पोरंच कमी जन्माला येत होती, हेही खरं होतं. देवळामागच्या आणि मशिदीकडच्या, दोन्ही गल्ल्यांत कमी येत होती. हे माझ्या डोळ्यांसमोर होतं आणि तरीही मला ते दिसलं नाही. का दिसलं नाही, ते सांगण्यासाठीच हे लिहितोय.

तालुक्याच्या शालेय प्रदर्शनासाठी मी एक तक्ता करायचं ठरवलं. नाव दिलं, 'आपल्या गावातलं जग'. गावातल्या दोन मोठ्या वस्त्या घ्यायच्या: एक देवळामागची गल्ली, तिथं बहुतेक जुनी शेतकरी घरं, दुसरी मशिदीकडची, तिथं गादीवाले, टेलर, भाजीचा व्यापार करणारे, थोडी शेती असणारे. घरोघर जाऊन मुलं किती ते विचारायचं आणि पुस्तकातल्या जगाच्या नकाशात जे रंग असतात तेच आपल्या गल्ल्यांना द्यायचे. लोकसंख्या जोरात वाढणारे प्रदेश गडद तपकिरी, मंदावलेले फिके पिवळे.

अक्षर चांगलं म्हणून त्या मुलीला मी लिहायला बरोबर घेतलं. मी विचारायचो, ती लिहायची. चार संध्याकाळी आम्ही फिरलो.

देवळामागच्या गल्लीत पुरुष माणूस ओट्यावर बसलेला असायचा. मी उभ्याउभ्याच विचारायचो, "दादा, मुलं किती?"

"दोन."

"लिही, दोन."

चहाचा आग्रह व्हायचा, तो मोडून आम्ही पुढच्या घरी. मशिदीकडच्या गल्लीत बाप्ये बाजाराला किंवा कामावर गेलेले असायचे, म्हणून दारात आलेल्या बाईला विचारायचो, "बच्चे कितने हैं?" ती बोटं मोजत सांगायची, पदराआडचं, शाळेतलं, सिल्लोडला दिलेली थोरली, सगळी. मुलगी लिहायची.

तक्ता सुंदर झाला. देवळामागची गल्ली फिकी पिवळी, मशिदीकडची गडद तपकिरी, आणि प्रत्येक घरावर मुलांचा आकडा. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं, 'युरोप आपल्याच गावात, आफ्रिकाही आपल्याच गावात'. त्याखाली 'लेखन' म्हणून तिचं नाव. प्रदर्शनात आलेल्या साहेबांनी माझ्या पाठीवर थाप मारली. म्हणाले, अवघड विषय गावच्या मातीत आणलात. मला गहिवरून आलं होतं.

दोन दिवसांत तक्त्याचा फोटो गावाच्या ग्रुपवर आला. कोणी टाकला मला माहीत नाही. फोटोखाली मशिदीकडच्या गल्लीबद्दल जे लिहिलं होतं ते मी इथं लिहिणार नाही. त्याखाली हसणाऱ्या तोंडांची रांग होती. मी तो फोटो पाहिला, खालचं वाचलं आणि मोबाईल पालथा ठेवला. एक ओळ लिहायला मला किती वेळ लागला असता? माझा तक्ता आहे, याचा असा अर्थ काढू नका, एवढंच. मी ती लिहिली नाही. वाद नको म्हणालो. आपल्या कामाचं नाव होतंय, हेही मनात होतंच.

मग मधल्या सुट्टीत पोरं त्या मुलीला 'आफ्रिका' म्हणायला लागली. हे मला कळलं तेव्हा तिचं बाक रिकामं होऊन चार दिवस झाले होते. कळलं तेही हजेरीच्या वेळी. मी तिचा नंबर पुकारला तर मागून एक जण म्हणाला, "सर, ती बोटीनं गेली." पोरांत हशा पिकला. मी त्याला उभं केलं, रागावलो आणि आत कुठेतरी जाणवलं की हा माझेच शब्द मला परत देतोय.

आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे. तिथल्या सेविकाताई माझ्यापेक्षा आठ-दहा वर्षांनी मोठ्या, गावच्याच सून, नवरा गेल्यावर शेती आणि अंगणवाडी दोन्ही ओढणाऱ्या. त्या दिवशी खिचडीचे तांदूळ मोजून झाल्यावर त्या व्हरांड्यात आल्या. तक्ता भिंतीवर होता. कमरेवर हात ठेवून त्यांनी तो वरपासून खालपर्यंत वाचला, आणि हसत सुटल्या.

"सर, एक विचारू का?"

"विचारा ना ताई."

"पोरी कुठं ठिवल्या तुम्ही?"

मला कळलं नाही.

"या घरी तुम्ही दोन लिहिलं. त्या घरच्या चार पोरींला मी माझ्या हातानं पोलिओ पाजला. दोघी नांदायला गेल्या, दोघी हैत. त्या काय वाऱ्यानं उडाल्या?"

"पण मी विचारलं होतं, मुलं किती म्हणून."

"मंग बराबर सांगितलं त्यांनी. मुलं दोनच हैत." त्या पुन्हा हसल्या. "आवो, आपल्याकडं मुलं म्हणलं की मुलगेच सांगतेत. आन तेबी बाप्याला विचारलं तुम्ही. लेकरं किती, म्हणून बाईला विचारायचं व्हतं. चला दाखवते."

मी तरी म्हणालो, "असं कसं ताई, मुलं म्हणजे दोन्ही."

"अस्सं? तुमच्या घरी मुलं किती होते? तुम्ही किती जण?"

"आम्ही दोघं भाऊ," मी म्हणालो. म्हणता म्हणता जीभ अडखळली. मला तीन बहिणी आहेत. थोरलीनं मला अंगाखांद्यावर वाढवलं; ती शहागडला असते. तिघी माझ्या तोंडातून आल्याच नाहीत. ताईंनी माझ्याकडं बघितलं आणि पायात चपला घातल्या.

तो दुपारचा दीड तास मी विसरणार नाही. ताईंचं मोजणं मी पहिल्यांदा पाहिलं. त्या ओट्यावर थांबत नव्हत्या. सरळ चुलीपाशी जाऊन बसायच्या, पुढ्यातली शेंगांची पाटी ओढून शेंगा फोडायला लागायच्या आणि शेंगांबरोबर एकेक प्रश्न. "पोटाला किती आली? त्यातली देवाघरी किती गेली? नांदायला किती? जालन्याला एमआयडीसीत कामाला कोण? आन आता धाकटीला दिवस हैत का?" गेलेल्या लेकराबद्दल विचारताना त्यांचा हात थांबायचा. समोरच्या बाईचं बोलून होईपर्यंत त्या शेंग फोडत नसत. कुणाचं वय माहीत नसलं तर म्हणायच्या, "ज्या साली गारपिटीनं मोसंब्या झोडपल्या, तवा हे रांगत व्हतं ना?" आणि वय बरोबर निघायचं. मी वीस वर्षं विद्यार्थ्यांना माहिती कशी गोळा करावी ते शिकवत आलो होतो. विचारणं म्हणजे काय असतं, हे मला त्या दिवशी कळलं.

मग त्यांनी मला मशिदीकडच्या गल्लीत नेलं, तिथंही तसंच चुलीपाशी. भाषा बदलली, शेंगांच्या जागी लसूण आला, प्रश्न तेच. त्यांच्या वहीत दोन्ही गल्ल्या एकाच शाईत होत्या. एका घरात, मग दुसऱ्यात, मग इकडच्या गल्लीतल्या तिसऱ्यात मी एकच चित्र पाहत गेलो. खाटेवरच्या म्हातारीला आठ-नऊ बाळंतपणं. तिच्या सुनेला चार, कुठं पाच. आणि त्या सुनेची सून, जी मान खाली घालून चहा देत होती, तिला दोन, आणि बस्स. "आता नक्को," एक तरुण बाई ताईंना म्हणाली, "दोनों को पढ़ाना है." देवळामागच्या गल्लीतली एक जण म्हणाली, "दोघीबी पोरी हैत, आन मी आप्रेशन केलं. सासू महिनाभर बोलली न्हाई. मंग बोलली."

जपानला, युरोपला जे व्हायला कितीतरी पिढ्या लागल्या, ते इथं एका अंगणात, तीन खाटांच्या अंतरात झालं होतं. कुणी भाषण केलं नव्हतं. कुणाला बक्षीस मिळालं नव्हतं. आपापल्या घरात, सासूच्या अबोल्यात, नवऱ्याची समजूत काढत, लपून दवाखान्यात जात या बायकांनी जगाच्या नकाशाचा रंग बदलला होता, आणि मी त्यांच्या दारात उभा राहून जुनाच रंग भरत होतो.

परत येताना मी ताईंना सांगितलं की जगात सगळीकडंच असं झालं. आपल्या देशात दक्षिणेकडं आधी, उत्तरेकडं सावकाश. आफ्रिकेतही शहरांतून सुरू झालंय. त्या ऐकत होत्या.

"म्हंजे सगळ्या जगात बायकांनीच ठरवलं म्हना की."

"बरंचसं तसंच."

"मंग तुमच्या पुस्तकात तसं लिव्हलंय का?"

पुस्तकात स्त्री-शिक्षण हे एक कारण म्हणून दिलंय, मी म्हणालो. "कारण," त्या म्हणाल्या. तो शब्द त्यांनी तोंडात जरा फिरवून पाहिला आणि विषय सोडून दिला. मग म्हणाल्या, "ती गादीवाल्याची पोर दिसत न्हाई शाळंत. तिची माय म्हणत व्हती, पुरं झालं शिकणं, आता शिवण शिकंल. तुम्ही जा. मी येनार न्हाई तिथं. हे तुमचं काम हाय."

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर गेलो. घराच्या पुढच्या खोलीत तिचे वडील कापूस पिंजत होते. मशीन बंद केल्यावरही हवेत तंतू तरंगत होते. त्यांच्या भुवया पांढऱ्या झालेल्या.

"आओ सर, बैठो. कापूस बसंल कपड्यावर, जरा सरकून."

मी बसलो आणि सगळं सांगितलं. पोरी मोजल्या नाहीत, शब्द चुकला, तक्ता खोटा आहे, मी तो काढतो, माफ करा. मी बराच वेळ बोललो असेन. ते ऐकत एका रजईला टाके घालत होते.

"हमारे वालिद एक लफ्ज बोलते थे सर," ते शेवटी म्हणाले. "निजाम के टैम का. तुम्ही जनगणना म्हणता ना, त्याला ते मर्दुमशुमारी म्हणायचे. मर्दुम यानी इन्सान. मर्द, औरत, बच्ची, सब. तुम्ही उधर की गल्ली में मर्दशुमारी करके आ गए." आणि ते मोकळेपणानं हसले. "होतं सर. लफ्ज का फेर है. छोड़ो."

इतक्या सहज त्यांनी मला सोडून दिलं. मी उठायच्या बेतात होतो. मला खरंच हलकं वाटलं होतं.

आतल्या दारात ती उभी होती. हातात सुई, बोटात शिवणाचं टोपण.

"लफ्ज का फेर नहीं है, अब्बा."

"बेटा..." वडील म्हणाले.

ती माझ्याकडं वळली आणि शाळेतल्या मराठीत बोलली. "सर, आपण इथं आल्तो तेव्हा माझ्या अम्मीला तुम्ही विचारलं, बच्चे कितने. अम्मी म्हणली तीन. तुम्ही म्हणले, बस्स? और? सोच के बताओ. प्रत्येक घरी म्हणले तुम्ही, और? मी लिहून राह्यले होते ना सर, मला माहीत आहे. देवळामागं तुम्ही एकदाबी दुसऱ्यांदा न्हाई विचारलं."

खोलीत कापसाचे तंतू खाली बसत होते.

मला ते आठवत नव्हतं, असं मी म्हणू शकलो असतो. आठवत होतं. त्या चार संध्याकाळी विचारताना ते चूक वाटलं नव्हतं, काळजीपूर्वक काम केल्यासारखं वाटलं होतं. उत्तर काय यायला हवं ते मी आधीच ठरवून निघालो होतो. जिथं ते आलं तिथं मी पुढं गेलो, जिथं आलं नाही तिथं थांबून खोदत राहिलो. 'मुलं' या शब्दानं माझा घोटाळा केला, ही सोय होती. ताईंनी ती नकळत मला दिली, तिच्या वडिलांनी मोठ्या मनानं दिली, आणि मी दोन्ही वेळा हात पुढं करून घेतली. तेरा वर्षांची ही पोर तेवढी ती सोय द्यायला तयार नव्हती.

"आणखी एक सर," ती म्हणाली. "आफ्रिका म्हणलं की शिवी काऊन होते? तुम्हीच शिकवलं होतं की तिथं सगळे जवान लोक आहेत, पुढं दुनियेचं काम तेच करतील. ते तक्त्यावर काऊन न्हाई लिहिलं?"

मी म्हणालो, "तू शाळेत ये. तुझ्यासारखं..."

"मी येईन," तिनं मला मध्येच तोडलं. "तुम्ही परिपाठात सांगा. नुसतं पोरींचं न्हाई. दुसऱ्यांदा विचारायचं सांगा. मंग येईन. न्हाई सांगितलं तर अम्मी बोलते ते बराबर आहे, शिवण पण चांगलं काम आहे."

वडिलांनी सुईत नवा दोरा ओवला. मला वाटतं त्यांना तिचा अभिमान वाटत होता आणि भीतीही. मला फक्त भीती वाटत होती.

सकाळी परिपाठाला सगळे वर्ग मैदानात उभे राहिले. प्रार्थना झाली, सुविचार झाला. मी पुढं गेलो. तक्ता काढून मी हातात धरला होता. ती फाटकाच्या बाहेर उभी असलेली मला दिसली. दप्तर पाठीला, पण आत आलेली नव्हती. ताई अंगणवाडीच्या दारात केरसुणी हातात धरून थांबल्या होत्या.

मी आधी शब्दाचं सांगितलं. मुलं म्हणजे मुलगेच नव्हेत, घरी जाऊन आपल्या बहिणी मोजा, मीही माझ्या मोजायला विसरलो होतो. पोरं हसली, माझे सहकारीही हसले, मुख्याध्यापकांनी मान डोलावली. एवढ्यावर थांबलो असतो तर टाळ्या पडल्या असत्या. आणि मी थांबलो. खरं सांगतो, मी थांबलो होतो. तक्त्याची गुंडाळी करायला लागलो होतो.

फाटकाबाहेरची ती जागची हलली नाही. ती परतही गेली नाही. नुसती बघत होती, शिक्षकानं उत्तर अर्धं सोडलेल्या विद्यार्थ्याकडं बघावं तसं.

मग मी म्हणालो. म्हणालो की मशिदीकडच्या प्रत्येक घरात मी दोनदा विचारलं आणि देवळामागं एकदाच. मला त्यांचं खरं वाटत नव्हतं म्हणून. तिथं जास्तच असणार असं मी आधीच धरून चाललो होतो म्हणून. ही चूक भाषेची नव्हती, माझी होती. त्या फोटोवर जे लिहिलं गेलं ते माझ्या तक्त्यामुळं लिहिलं गेलं, मी ते वाचलं आणि गप्प बसलो. या शाळेत कुणाला ज्या नावानं चिडवलं गेलं, ते नाव तक्त्यावर मीच लिहायला लावलं होतं.

कुणी हसलं नाही. पहिलीतलं एक पोरगं "सर रडून राह्यले" म्हणालं, तेवढंच. मागं काही मोठी पोरं पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होती. मुख्याध्यापकांनी मान डोलवायची थांबवली होती. नंतर मला दोन-तीन पालकांचे फोन आले, ते काही कौतुकाचे नव्हते. ग्रुपवर मी दुरुस्ती लिहिली, तिच्याखाली एकही हसणारं तोंड आलं नाही. दुसरंही काही आलं नाही. तो फोटो अजून कुठं कुठं फिरत असेल, मला माहीत नाही. तो मी परत आणू शकत नाही, आणि ते ओझं माझं आहे.

पण त्या सकाळी, मी बोलायचा थांबल्यावर, तिनं फाटकाची कडी काढली. आठवीच्या रांगेत तिची जागा कुणी सोडली नव्हती. पोरी थोड्या सरकल्या. ती उभी राहिली. माझ्याकडं तिनं बघितलं नाही, आणि ते बरोबरच होतं. पहिला तास गणिताचा होता. व्हरांड्यातून जाताना मी पाहिलं, मैत्रिणीची वही उजवीकडं उघडी ठेवून ती मान न उचलता भराभर उतरवून घेत होती. बुडालेलं बरंच होतं.